वीसच्या आत माणसे असली की कायदा लागत नाही?

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि तेथून शहरापर्यंतच्या जालना रस्त्यावर सध्या एक वाक्य व्यापाऱ्यांच्या तोंडी वारंवार ऐकू येते: "आता वीसच्या आत माणसे असली की कामगार कायदा लागत नाही." कापडाच्या दुकानात, गणवेश शिवणाऱ्या गाळ्यात, पॅकिंगच्या शेडमध्ये, सगळीकडे हे वाक्य निश्चिंतपणे बोलले जाते. त्यात थोडे खरे आहे आणि बरेचसे खोटे आहे. अर्धवट खरी गोष्ट व्यापाऱ्याला पूर्ण खोट्या गोष्टीपेक्षा जास्त महागात पडते. म्हणून या वाक्याची नीट फोड करणे आम्हाला जरुरीचे वाटले.

बदल नेमका कशात झाला?

आपल्या राज्यात दुकानांसाठी दीर्घकाळ मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ लागू होता. त्याची जागा २०१७ च्या नव्या अधिनियमाने घेतली आणि तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. या कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानास नोंदणी सक्तीची केली. दहापेक्षा कमी कामगार असतील तर धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत फक्त सूचना द्यायची, म्हणजे आपल्या दुकानाची माहिती कामगार विभागाला ऑनलाइन कळवायची.

राज्य मंत्रिमंडळाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचा अध्यादेश निघाला. त्याच बदलात रोजचे कामाचे तास नऊवरून दहा आणि तीन महिन्यांतील जादा कामाची कमाल मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास झाली. जादा तासांचा दाम मात्र पूर्वीप्रमाणे दुप्पटच आहे.

म्हणजे वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानदाराला सूट मिळाली ती दुकान कायद्याखालील नोंदणीची आणि त्या कायद्यातील बऱ्याच कलमांची. सूचना देण्याचे बंधन राहिलेच. दुकानाच्या पाटीचे बंधनही राहिले. देवनागरीतील मराठी पाटीची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या लावण्यास दोन महिन्यांची मुदत दिली होती. पाटीवर उर्दू किंवा इंग्रजी लिहिण्यास मनाई नाही. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत इतकेच.

सूट नोंदणीची आहे, मजुरीची नाही

दुकान कायदा हा राज्याच्या अनेक कायद्यांपैकी एक कायदा आहे. मजुरी, भविष्य निर्वाह निधी, विमा, उपदान यांचे कायदे वेगळे आहेत आणि तेही नुकतेच बदलले आहेत. केंद्र सरकारने जुने २९ कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. त्यातील वेतन संहिता २०१९ ची आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा या तीन संहिता २०२० च्या. मधली पाच-सहा वर्षे त्या कागदावर होत्या. लागू होण्याच्या तारखा अनेकदा उठल्या आणि विरल्या. अखेर २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या.

यातील वेतन संहिता एकच नोकर असलेल्या दुकानालाही लागू आहे. पूर्वी किमान वेतन फक्त सरकारी यादीतील धंद्यांना होते, आता ते सर्व धंद्यांना आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. नोकर सोडून गेला किंवा काढला, तर त्याचा सारा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. प्रत्येकाला पगाराची पावती द्यायची.

आणि सर्वात महत्त्वाचे कलम असे की, पगार कमी मिळाला, मिळालाच नाही, अथवा बेकायदा कापला असा दावा कामगाराने केला, तर पैसे दिल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी मालकावर आहे. असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आमच्या कित्येक व्यापारी बांधवांनी नोकराला एक पैसाही कमी दिलेला नसतो. पण रोखीने हातावर ठेवलेल्या पैशाची सही घेतलेली नसते, वहीत नोंद नसते. अशा मालकाची इमानदारी खरी असूनही अधिकाऱ्यापुढे ती सिद्ध होत नाही.

कमी मजुरी दिल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदवह्या न ठेवल्यास दहा हजारांपर्यंत दंड. दिलासा एवढाच की, निरीक्षकाने काही चुकांसाठी खटला भरण्याआधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीची संधी द्यायची आहे. पण पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तर ही संधी नाही.

माणसांच्या संख्येची शिडी

कायदे लक्षात ठेवणे कठीण वाटते, कारण आपण त्यांची नावे पाठ करतो. त्याऐवजी माणसे मोजावीत. कोणता कायदा केव्हा लागतो हे बहुतेक वेळा संख्येवरच ठरते.

एक कामगार असला तरी: किमान वेतन, पगाराची पावती, वेळेवर पगार, मराठी पाटी. चौदा वर्षांखालील मूल कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर याला वीस ते पन्नास हजार रुपये दंड, सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा दोन्ही आहे. शाळा सुटल्यावर स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात, तोही धोकादायक नसेल तर, मदत करणारे मूल यातून वगळले आहे. परंतु शेजाऱ्याचा मुलगा "शिकायला" ठेवणे या सवलतीत बसत नाही.

पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की: व्यवसाय कर. पुरुष कामगाराचा महिन्याचा पगार दहा हजारांच्या वर असेल तर महिना २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापून भरायचे. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत हा कर माफ आहे. मालकाचा स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो वेगळा.

पाच झाले की: महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. २०२४ पासून सहामाहीला कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये.

दहा झाले की: राज्य कामगार विमा, उपदान, नियुक्तिपत्र आणि स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. विम्याची वर्गणी मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का असते. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये.

वीस झाले की: दुकान कायद्याखाली नोंदणी, भविष्य निर्वाह निधी, बोनस. विजेवर चालणारी यंत्रे असतील तर गाळा कारखाना ठरतो, वीज नसेल तर ही मर्यादा चाळीस आहे. बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के.

दहा आणि वीस यांच्या मधली जागा नीट पाहावी. तेरा माणसांचा दुकानदार नोंदणीतून सुटला, पण विमा, उपदान, नियुक्तिपत्र आणि समितीतून सुटला नाही. बाजारातले ते वाक्य सर्वात जास्त याच दुकानदाराला फसवते. शिवाय ठेकेदारामार्फत आलेला माणूसही दुकान कायद्यात कामगार म्हणूनच मोजला जातो. निधी व विमा एकदा लागू झाला की पुढे संख्या घटली म्हणून तो आपोआप बंद होत नाही. संख्या अठरावर रोखून ठेवण्यासाठी दोन माणसांची नावे वहीबाहेर ठेवणारा मालक दंडाबरोबर मोठ्या थकबाकीचेही संकट ओढवून घेतो.

नगावर काम करणारे आणि उचल घेणारे

कापडाच्या धंद्यात निम्मे काम नगावर चालते. शिलाई, काजबटण, फॉल-पिको, इस्त्री, पॅकिंग. अनेकांची समजूत अशी की, नगाचा दर एकदा ठरला की किमान वेतनाचा प्रश्न येत नाही. संहिता असे म्हणत नाही. ज्या कामाला तासाचा किंवा दिवसाचा किमान दर ठरलेला आहे, त्या कामावरील नगवाल्या कारागिराच्या हातीही त्या दरापेक्षा कमी पडता कामा नये. म्हणून नगांची वही आणि हजेरीची वही दोन्ही ठेवावी. महिनाअखेरीस दोन्ही ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट उचलीची. ईदच्या आधी, लग्नकार्याला, शाळा सुरू होताना कारागीर उचल घेतो आणि ती हळूहळू कापली जाते. कापण्यास हरकत नाही, पण सर्व प्रकारची कपात मिळून त्या मुदतीच्या पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. उचल देताना तारीख, रक्कम आणि सही घ्यावी.

तिसरी गोष्ट पगाराच्या तुकड्यांची. मूळ पगार लहान दाखवून बाकी भत्त्यांत टाकण्याची रीत संहितेने आखडली आहे. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर जास्तीचा भाग पगारातच धरला जातो. उदाहरणार्थ, कटिंग मास्टरला तीस हजार रुपये मिळतात. त्यात मूळ पगार बारा हजार आणि भत्ते अठरा हजार आहेत. निम्मे म्हणजे पंधरा हजार. भत्ते तीन हजारांनी जास्त आहेत, म्हणून निधी व उपदानाच्या हिशोबात पगार पंधरा हजार धरावा लागेल.

उपदानाचा हिशोबही सोपा आहे. शेवटच्या महिन्याच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणावे, मग नोकरीच्या वर्षांनी गुणावे. तेरा हजार पगाराच्या माणसाचे दरसाल साडेसात हजार होतात. सहा वर्षांचे पंचेचाळीस हजार. सामान्यतः पाच वर्षे नोकरी लागते. पण ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगाराला आता एका वर्षानंतरही प्रमाणात उपदान आहे. ही रक्कम दरवर्षी बाजूला काढून ठेवणाऱ्यास शेवटी ओझे वाटत नाही.

कापडाच्या गाठी उतरवणाऱ्या हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा स्वतंत्र आहे. जेथे तो लागू आहे तेथे हमालाची मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही माथाडी मंडळात भरायची असते. हमालाच्या हातावर पैसे ठेवल्याने ती बाकी फिटत नाही.

शेंद्र्यातील गरज वेगळी का?

शेंद्र्यात मोठे कारखाने आहेत. स्कोडाच्या मोटारी येथे बनतात. ऑरिक या नव्या औद्योगिक शहराच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखानाही येथेच आहे. या कारखान्यांना गणवेश, हातमोजे, पुसण्याचे कापड, पडदे, कँटीन, सफाई, पॅकिंग हे सारे पुरवणारे लहान व्यापारी व कारागीर त्यांच्या भोवती उभे राहिले. आपल्यातील बरेच जण त्यांत आहेत.

कारखान्याच्या आवारात ठेकेदाराची माणसे काम करीत असतील आणि ठेकेदाराने त्यांचा पगार बुडवला, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येऊ शकते. म्हणून कंपनी बिलाबरोबर निधीचे चलन, विम्याचे चलन, हजेरी आणि पगारपत्रक मागते. आम्ही अनेक वर्षे पाहतो की, ज्याचा माल चांगला आणि दरही रास्त, त्याचे बिल कागदासाठी अडून राहते. आणि साधारण मालाचा पुरवठादार कागद तयार ठेवून पुढचे काम घेऊन जातो. याला कोणी अन्याय म्हणो, पण पैसा अडकतो हे खरे.

किमान वेतनाचे दर परिमंडळांप्रमाणे वेगळे असतात. ज्याचे दुकान शहरात आणि गाळा शेंद्र्याला आहे, त्याने दोन्ही जागांचे परिमंडळ स्वतंत्रपणे तपासावे. शहराचा दर सगळीकडे किंवा वसाहतीचा दर सगळीकडे असे गृहीत धरू नये.

बातमी, अध्यादेश आणि कायदा यांतील फरक

बदल कळतो तो बहुधा वर्तमानपत्रातून किंवा मोबाईलवर आलेल्या मजकुरातून. तेथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच भाषेत येतात. मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे सरकारचा इरादा. त्या दिवशी दुकानात काहीही बदलत नाही. अध्यादेश म्हणजे ऑर्डिनन्स. तो लगेच लागू होतो, पण तात्पुरता असतो आणि पुढे विधिमंडळाचा कायदा त्याची जागा घेतो. कायदा मंजूर झाला तरी तो कोणत्या तारखेपासून, हे अधिसूचनेत असते. ३ सप्टेंबर २०२५ ची बातमी वाचून चार तारखेपासून नोकरांना दहा तास उभे करणारा मालक त्या दिवशी कायदा मोडतच होता.

संहितांचेही असेच आहे. संहिता केंद्राची, पण अनेक तपशील राज्याच्या नियमांवर सोपवलेले आहेत. नवे नियम येईपर्यंत जुने नियम व दर संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात, अशी तरतूद संहितेतच आहे. म्हणून "जुने सगळे रद्द झाले" असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आमच्या पिढीतील पुष्कळ जण उर्दू शाळेत शिकले. निजामाच्या काळात या जिल्ह्याच्या दफ्तराची भाषा उर्दू होती आणि वडीलधाऱ्यांना सरकारी हुकूम वाचता येत असे. आजचा मराठी शासकीय मजकूर वाचताना त्यांची मुले-नातवंडे अडखळतात आणि कागद तसाच घडी करून ठेवतात. काही शब्द एकदा कळले की निम्मी भीती जाते. आस्थापना म्हणजे दुकान, कचेरी किंवा कारखाना. राजपत्र म्हणजे सरकारी गॅझेट. अधिसूचना म्हणजे गॅझेटात छापलेला हुकूम. परिमंडळ म्हणजे झोन. विशेष भत्ता म्हणजे महागाईप्रमाणे किमान वेतनात पडणारी भर. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. नियोक्ता म्हणजे आपण, मालक.

वर्षाचे वेळापत्रक

रोज कायद्याच्या मागे धावण्याची गरज नाही. ठरलेल्या तारखांना ठरलेली कामे केली तर बहुतेक बदल आपोआप नजरेखाली येतात.

दर महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार, शक्यतो बँकेतून. पंधरा तारखेपर्यंत निधी व विम्याचा भरणा. जानेवारी आणि जुलैमध्ये किमान वेतनाचा नवा विशेष भत्ता पाहणे. तो कामगार आयुक्तांकडून जाहीर होतो. जून व डिसेंबरची कल्याण निधीची वर्गणी अनुक्रमे १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत भरणे. जून संपण्याआधी मालकाचा व्यवसाय कर.

ज्यांना दुकान कायदा पूर्ण लागू आहे त्यांनी वर्ष सुरू होण्याआधी सुट्ट्यांची यादी करावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या चार पगारी सुट्ट्या ठरलेल्या आहेत. आणखी चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या आहेत. दोन्ही ईद यात बसू शकतात आणि दिवाळी व आंबेडकर जयंतीही बसू शकते. आपल्याकडे सर्व समाजाचे कारागीर असतात, त्यांना विचारूनच यादी करावी. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाला मिळाली पाहिजे, पण दुकान सातही दिवस उघडे ठेवता येते. शुक्रवार ज्यांना सोयीचा आहे त्यांना शुक्रवार द्यावा.

प्रत्येक माणसामागे एक पाकीट असावे. त्यात नियुक्तिपत्र, आधारची प्रत, वयाचा पुरावा, बँक खात्याचा क्रमांक, उचलीच्या पावत्या आणि पगाराच्या सह्या. वहीचे काम हिशोबनीसावर किंवा सल्लागारावर सोपवले तरी चलनाची प्रत दर महिन्याला स्वतः पाहावी. दंड होतो तो मालकाला, सल्लागाराला नाही.

या सगळ्या कागदांच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा असतो. त्याची बायको आजारी पडते तेव्हा विम्याचे कार्ड असेल तर इस्पितळाचे दार उघडते. नसेल तर तो आपल्याच दुकानात पुन्हा उचल मागायला येतो. म्हातारपणी निधीचे पैसे असतील तर त्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. व्यापारी उधारीची वही जितक्या काळजीने ठेवतो तितक्याच काळजीने कारागिराची वही ठेवली, तर वीसचा आकडा ओलांडण्याची भीती वाटणार नाही. धंदा वाढला की माणसे वाढणारच. आज रात्री दुकान बंद करण्याआधी आपल्याकडे खरोखर किती माणसे आहेत हे मोजावे, ठेकेदाराची धरून, आणि त्या आकड्यापर्यंतच्या शिडीची प्रत्येक पायरी तपासून पाहावी.